नवे शीड

नागपूरला समुद्र नाही. अंबाझरी आहे, फुटाळा आहे. पण समुद्र पाहायचा म्हणजे आगगाडीत रात्र काढून मुंबई गाठावी लागते. मग शिडाच्या होडीची गोष्ट आम्हाला कशाला, असे तुम्ही विचाराल. बरोबर आहे. पण शीड म्हणजे तरी काय? कापडच ना! आणि कापूस, सूत, कापड यांतले विदर्भातल्या माणसाला कळायचे नाही, असे कसे होईल?

आमच्या मनीषनगरात गच्च्यांवर धुणे वाळत घालतात. उन्हाळ्यात वारा सुटला की दोरीवरची चादर फुगते. ती काढताना एकदा दोन्ही टोके घट्ट धरून वाऱ्यात उभे राहून बघा. चादर तुम्हाला ओढू लागते. पाय मागे सरकतात. साध्या चादरीत एवढी ओढ, तर मग दोन खोल्यांएवढ्या शिडात किती असेल! त्या ओढीवर माणसांनी सगळी पृथ्वी पालथी घातली.

वारा मागून आला की होडी पुढे जाते, हे कोणालाही समजते. पण वारा समोरून येत असेल तर? अगदी नाकासमोरच्या वाऱ्यात कोणतीच शिडाची होडी जात नाही. ती वाऱ्याला तिरकी धरावी लागते. शिडाला थोडे पोट असते. वारा त्या पोटावरून वळतो आणि वळताना शिडाला बाजूला आणि थोडे पुढे ओढतो. होडीच्या खाली, पाण्यात, एक जड उभे पाते असते. ते तिला बाजूला सरकू देत नाही. मग होडी जाणार कुठे? पुढेच. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की कसा सटकन पुढे उडतो, तसेच हे. थोडे डावीकडे, मग थोडे उजवीकडे, अशी नागमोडी चालत होडी वारा येतो त्याच दिशेला पोचते. घाटातला रस्ता सरळ वर जात नाही, वळणे घेत जातो, त्यातलीच गत.

म्हणजे सगळी मदार त्या पोटावर. पोट बेताचे हवे, आणि योग्य जागी हवे. नव्या शिडाचे पोट शिवणाऱ्याने दिलेले असते तसेच राहते. शीड जुने झाले की कापड ताणते, पोट मोठे होते आणि मागे सरकते. मग होडी पुढे जायची सोडून एका अंगावर कलते. खलाशी दोऱ्या ओढून ओढून थकतो, आणि होडी आपली रेंगाळत चालते. पुष्कळांना हे लवकर लक्षातच येत नाही, कारण शीड एका दिवसात बिघडत नाही. नवे शीड चढवल्यावर कळते, की अरे, होडी चांगली होती, दोष कापडाचा होता!

आता एक प्रयोग करा. खिशातला रुमाल काढा. धाग्याच्या रेषेत, म्हणजे काठाकाठाने, दोन्ही हातांनी ओढा. ताणत नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरका ओढा. लगेच लांबला ना? उभा धागा आणि आडवा धागा आपापल्या दिशेला जोर धरतात. तिरक्या दिशेला धरायला कोणीच नसते. शिडावर मात्र वारा सगळ्या दिशांनी ओढतो. शिडाच्या कापडाची सगळी अडचण या एका रुमालात आहे. गेली पावणेदोनशे वर्षे शिडे शिवणारे लोक हीच एक अडचण सोडवत आले आहेत.

पूर्वी विलायतेत शिडे जवसाच्या धाग्याची असत. आपण जवसाचे तेल काढतो, चटणी करतो. तिकडे त्याच जवसाच्या खोडातून तागासारखा धागा काढून कापड विणत. ते मजबूत, पण सैल विणीचे. वारा त्यातून गळे. म्हणून शर्यतीच्या वेळी शिडावर पाणी मारत, म्हणजे धागे फुगून भोके बुजतील. 1851 सालच्या ऑगस्टात इंग्लंडच्या दक्षिणेला वाइट नावाच्या बेटाभोवती शर्यत झाली. तीत ‘अमेरिका’ नावाची एक पाहुणी नौका उतरली. तिची शिडे यंत्रावर घट्ट विणलेल्या सुती कापडाची, सपाट, सुरकुती नसलेली. इंग्रजांच्या नौका तिच्या मागे राहिल्या. त्यानंतर इंग्रजांनीही मुकाट्याने कापूस धरला. आपल्या हिंगणघाटच्या कापसाचे नाव तेव्हा विलायतेच्या बाजारात होते. ‘अमेरिके’च्या शिडाचा कापूस मात्र आपला नव्हे, हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर आपली माणसे लगेच छाती फुगवतात.

सुती शीड नवे असताना फार जपावे लागे. पहिल्या दिवशी कडक वाऱ्यात चढवले, की ते वाकडेतिकडे ताणून कायमचे बिघडे. म्हणून आधी मंद वाऱ्यात, दोऱ्या सैल ठेवून, काही दिवस चालवायचे. नवी कोल्हापुरी वहाण घालून कोणी लगेच पंढरीच्या वाटेला लागत नाही, तसे. शिवाय ओले शीड गुंडाळून ठेवले की बुरशी आलीच. म्हणून कित्येक देशांचे कोळी शिडे झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढीत. त्यानेच जुन्या शिडांना तो तांबूस रंग येई.

मग 1941 साली इंग्लंडात दोन रसायनशास्त्रज्ञांनी एक नवा धागा शोधला. त्याचे नाव टेरिलीन. अमेरिकेत त्यालाच डेक्रॉन म्हणू लागले. आपल्याकडे टेरिलीनचे सदरे आले, टेरिकॉटच्या पँटी आल्या, तोच हा धागा. 1950 नंतरच्या काळात शिडांतून कापूस मागे पडला आणि डेक्रॉन आले. हा धागा कमी ताणतो, कुजत नाही, पाणी पीत नाही. शिवाय विणल्यावर कापडाला एक प्रकारची राळ देतात. नवे डेक्रॉनचे शीड कोऱ्या नोटेसारखे कडकड वाजते. आपण धोतराला खळ देतो ना, तसेच ते. पण खळ धुण्यात जाते, आणि ही राळ वाऱ्यात फडफडून फडफडून जाते. राळ गेली की रुमालाचा तो तिरका ताण पुन्हा सुरू होतो. म्हणून जाणता खलाशी शीड उगीच फडफडू देत नाही.

शर्यतीवाल्यांना एवढ्याने भागेना. त्यांनी वेगळा विचार केला. उभे-आडवे धागे विणायचेच कशाला? ओढ जिकडे जाते तिकडेच धागा घालावा. त्यांनी पातळ पारदर्शक पापुद्रा घेतला, त्यावर चिवट धागे ओढीच्या रेषांवर पसरले आणि वरून दुसरा पापुद्रा चिकटवला. असे शीड वजनाला हलके आणि आकाराला पक्के. मोठ्या शर्यतीत दोन मिनिटांचा फरकही मोठा, तिथे असलेच शीड लागते. पण त्याचे आयुष्य थोडे. घडी पडते तिथे ते मोडते. पापुद्रे सुटतात. मध्ये ओल शिरून काळी बुरशी धरते. फाटले तर साध्या सुईदोऱ्याने नीट शिवता येत नाही.

लांबच्या सफरीला निघणाऱ्याचे गणित निराळे. त्याला दोन मिनिटांची पर्वा नसते. त्याला भीती असते ती भर समुद्रात शीड फाटण्याची. तिथे दुकान नाही, शिंपी नाही, हाक मारली तर ऐकायला माणूस नाही. म्हणून असले लोक बहुधा जाड विणलेले डेक्रॉनच घेतात. बैलजोडी शंकरपटासाठी घ्यायची की नांगरासाठी, हे आधी ठरवावे लागते.

पण डेक्रॉनलाही दोन शत्रू आहेत. एक ऊन. ऊन कापडाला खाते आणि शिवणीच्या दोऱ्याला त्याहून लवकर खाते. दुसरा शत्रू घासणे. सुती कापड मऊ, टाका त्यात रुतून बसे. डेक्रॉन कडक, टाका वर उभा राहतो. शीड तारेला, दोरीला घासले की आधी टाका तुटतो. कापड धड आणि शिवण उसवलेली, असा अनुभव पुष्कळांना येतो. म्हणून नव्या शिडातसुद्धा घासणाऱ्या जागा हेरून तिथे आधीच ठिगळे लावून घेतात. आपल्याकडे नव्या कापडाला ठिगळ लावले तर लोक हसतील. समुद्रावर कोणी हसत नाही.

हे सगळे परदेशचे झाले. आता आपल्याकडचे सांगतो.

कोकणच्या खलाशाला शीड नवे नाही. शिवाजी महाराजांच्या आणि आंग्र्यांच्या आरमारातली गुराबे नि गलबते शिडांवरच चालत. पण एकट्या माणसाने शिडाच्या नौकेतून पृथ्वीची प्रदक्षिणा करावी, हे भारतीयांना 2010 पर्यंत जमले नव्हते. ते केले नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे यांनी. त्यांची नौका ‘म्हादेई’ गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली. लांबी 17 मीटर, डोलकाठी 25 मीटर, म्हणजे आठ मजली इमारतीएवढी उंच. दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून निघाले. वाटेत चार बंदरांना थांबून मे 2010 मध्ये मुंबईला परत आले. पुढे अभिलाष टॉमी या दुसऱ्या नौदल अधिकाऱ्याने याच ‘म्हादेई’तून, कुठेही न थांबता, तीच फेरी केली. 1 नोव्हेंबर 2012 ला निघून ते 2013 मध्ये मुंबईला उतरले. पाच महिने जमिनीला पाय नाही!

मग ‘म्हादेई’ची बहीण ‘तारिणी’ तयार झाली. तीही गोव्याचीच. 10 सप्टेंबर 2017 रोजी नौदलाच्या सहा स्त्रिया तिच्यातून निघाल्या : वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डापाटी, एस. विजया देवी आणि पायल गुप्ता. दक्षिण समुद्रात त्यांना ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा लागला. आपल्याकडे एवढ्या वाऱ्याने पत्रे उडतात, झाडे मोडतात. त्या वाऱ्यात होडीवरचे शीड कमी करायचे असते. मोठे शीड थोडे थोडे खाली घेऊन बांधायचे, पुढचे गुंडाळायचे, आणि अगदीच झाले तर जाड कापडाचे छोटेसे वादळी शीड लावायचे. हे काम हलत्या, ओल्या फळीवर उभे राहून, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, पुष्कळदा रात्री. उशीर झाला तर शीड फाटते किंवा काठी मोडते. शीड कमी करावे का, असा प्रश्न मनात आला की वेळ झालीच, असे खलाशी मानतात. 21 मे 2018 रोजी सहाही जणी गोव्याला सुखरूप परतल्या. 254 दिवस लागले. पुढे 2024-25 मध्ये दिल्ना के. आणि रूपा ए. या दोघींनीच ‘तारिणी’ फिरवून आणली.

सगळेच सुखाने होते असे नाही. मुंबईत 1960 नंतरच्या काळात सागवानी लाकडाची एक छोटी नौका बांधली गेली होती, ‘सुहेली’. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रजाने 1968-69 साली एकट्याने, न थांबता, जगाची पहिली फेरी केली. तिच्याच धर्तीवर गोव्यात ‘थुरिया’ नौका बांधली. ती घेऊन अभिलाष टॉमी 2018 च्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत उतरले. या शर्यतीत सगळे जुन्या पद्धतीने करायचे असते. सूर्य-तारे पाहून वाट काढायची. 21 सप्टेंबर 2018 रोजी हिंदी महासागरात वादळ आले. नौका उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीचा कणा दुखावला. पाय हलेनात. नौदलाच्या विमानाने त्यांना शोधले. 24 तारखेला फ्रेंचांच्या ‘ओसिरिस’ जहाजाने त्यांना उचलले. पाठीत धातूच्या सळया घालाव्या लागल्या.

पण त्या माणसाची कमाल पाहा. 4 सप्टेंबर 2022 रोजी तो पुन्हा त्याच शर्यतीला उभा राहिला! या वेळी नौका होती ‘बायानात’. वाऱ्याच्या जोरावर आपोआप सुकाणू सांभाळणारे एक पाते असते, ते वाटेत मोडले. टॉमींनी नौकेतल्या संडासाचे दार काढून कापले आणि त्याचे पाते केले. 16 जण निघाले होते. 29 एप्रिल 2023 रोजी टॉमी फ्रान्सला पोचले, दुसऱ्या क्रमांकाने. पहिली आली कर्स्टन नॉयशेफर ही दक्षिण आफ्रिकेची बाई.

आणखी एक नवे शीड सांगायचे राहिले. नवे म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीचे! आपल्या अजिंठ्याच्या लेण्यात भिंतीवर एका जहाजाचे चित्र आहे. चौकोनी शिडे, बाजूला वल्ह्यासारखी सुकाणू. त्यावरून गोव्यात ‘कौंडिण्य’ जहाज बांधले. फळ्यांना खिळा नाही. नारळाच्या काथ्याने फळीला फळी शिवली. मे 2025 मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झाले. पण चौकोनी शीड वागवायचे कसे, हे सांगणारा खलाशी आज कुठे आहे? चित्रातली माणसे बोलत नाहीत. कोणती दोरी कधी ओढायची, वारा फिरला तर शीड किती वळवायचे, हे त्या खलाशांनी हाताने करून करून शिकून घेतले. चौकोनी शिडाला समोरचा वारा मानवत नाही, म्हणून हिवाळ्यात, ईशान्येचा वारा वाहतो तेव्हा निघायचे ठरले. 29 डिसेंबर 2025 रोजी ‘कौंडिण्य’ पोरबंदरहून सुटले. पुढच्या संक्रांतीच्या दिवशी, 14 जानेवारी 2026 ला, इकडे नागपुरात गच्च्यांवर पतंग चढले होते, तेव्हा तिकडे ओमानच्या मस्कत बंदरात अजिंठ्याचे शीड पोचले.