स्कीअन डू

स्कीअन डू ही स्कॉटलंडमधील हायलँड प्रदेशाच्या पारंपरिक वेशाबरोबर वापरली जाणारी आखूड, एकधारी सुरी होय. किल्ट परिधान केल्यावर ही सुरी गुडघ्यापर्यंत येणाऱ्या लोकरी मोज्याच्या काठात खोचतात; तिच्या मुठीचा केवळ वरचा भाग बाहेर दिसतो. आज विवाहसमारंभ, मेजवान्या व हायलँड क्रीडामेळावे अशा प्रसंगी ती मुख्यतः वेशाचे अंग म्हणून वापरली जाते. तथापि तिचे पाते बहुधा खरे व धारदार असते. त्यामुळे पहिली सुरी निवडताना रूपाबरोबरच प्रसंग, घडण आणि कायदा यांचाही विचार करावा लागतो.

नावाची व्युत्पत्ती

स्कॉटिश गेलिक भाषेत 'स्कीअन' म्हणजे सुरी व 'डू' म्हणजे काळा. दुसऱ्या शब्दाच्या लेखनातील अखेरची व्यंजने उच्चारात उमटत नाहीत. 'काळी सुरी' या नावाचे दोन अर्थ लावले जातात. एका मतानुसार ते मुठीच्या काळ्या लाकडावरून पडले. दुसऱ्या मतानुसार येथे 'काळा' म्हणजे लपलेला किंवा गुप्त.

इतिहास

हायलँडमधील पुरुष कमरेला 'डर्क' नावाची लांब कट्यार बाळगत असत. तिच्याखेरीज काखेजवळ कपड्यात दडवण्याची 'स्कीअन अखलेश' ही लहान सुरीही वापरात होती. पाहुणा यजमानाच्या घरी आला की आदर व विश्वास दर्शवण्यासाठी ही लपवलेली सुरी मोज्याच्या काठाशी, सर्वांना दिसेल अशी ठेवत असे आणि त्यातूनच आजची प्रथा आली, असे परंपरेने सांगितले जाते. शिकारीत हरणाचे कातडे सोलण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लहान सुऱ्यांशीही तिचा संबंध जोडला जातो.

जॅकोबाइट बंडाच्या पराभवानंतर १७४६ मध्ये ब्रिटिश संसदेने केलेल्या कायद्यांनी हायलँडमधील शस्त्रांवर व पारंपरिक वेशावर बंदी घातली. वेशावरील बंदी १७८२ मध्ये उठली. चित्रकार हेन्री रेबर्न याने १८१२ च्या सुमारास रंगवलेल्या ग्लेनगॅरीच्या कर्नल मॅकडोनेल यांच्या व्यक्तिचित्रात मोज्याच्या काठाशी अशी सुरी दिसते. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला, तेव्हा सर वॉल्टर स्कॉट यांनी आखलेल्या स्वागतसमारंभात हायलँड वेशाला मानाचे स्थान मिळाले. पुढे राणी व्हिक्टोरियाच्या काळात हा वेश अधिक प्रतिष्ठित झाला आणि सुरीही अधिकाधिक अलंकृत होत गेली.

रचना

सुरीचे पाते साधारणतः ७.५ ते ९ सेंटीमीटर लांब असते. पात्याच्या पाठीवर अनेकदा कानशीने नक्षीदार खाचा पाडलेल्या असतात. मूठ आबनुसाची, दलदलीत दीर्घकाळ दबून काळ्या पडलेल्या ओकच्या लाकडाची किंवा हरणाच्या शिंगाची असते. तिच्या दर्शनी बाजूवर गुंफलेल्या दोरांसारखी केल्टिक नक्षी कोरतात. मागील बाजू मात्र पायाला टेकून बसावी म्हणून बहुधा सपाट ठेवतात. समारंभी सुरीच्या मुठीच्या टोकाला चांदीचे कोंदण आणि केर्नगॉर्म पर्वताच्या नावाने ओळखला जाणारा धुरकट, पिवळसर-तपकिरी स्फटिक बसवतात. म्यान सामान्यतः काळ्या चामड्याने मढवलेले असून त्याला धातूची टोपणे असतात.

पहिल्या सुरीची निवड

सुरीचे स्वरूप वेशाच्या औपचारिकतेशी जुळावे, असा संकेत आहे. ट्वीडचा कोट व जाड मोजे यांसारख्या दिवसाच्या वेशाबरोबर शिंगाच्या मुठीची किंवा साध्या लाकडी मुठीची सुरी शोभते. रात्रीच्या औपचारिक वेशाबरोबर काळी कोरीव मूठ, चांदीची जडणघडण व स्फटिक यांची योजना केली जाते. एकच सुरी घ्यायची असल्यास काळ्या लाकडी मुठीची, मोजक्या धातुकामाची सुरी सोयीची ठरते, कारण ती दोन्ही वेशांबरोबर चालते. याउलट, चांदीने व खड्यांनी लखलखणारी सुरी दिवसाच्या साध्या वेशात विजोड वाटते.

घडणीची पारख काही साध्या गोष्टींवरून होते. म्यान उलटे धरले तरी सुरी आपोआप निसटू नये. मूठ व पाते यांच्या सांध्यात हालचाल नसावी. म्यान फार जाड असल्यास मोज्यावर फुगवटा येतो आणि सुरी पोटरीला टोचते. स्वस्त सुऱ्यांच्या मुठी पुष्कळदा साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकच्या असतात. साच्याची रेघ आणि लाकडाच्या रेषांचा अभाव यांवरून त्या ओळखता येतात. अशी सुरी घेण्यात गैर काही नाही. मात्र लाकडाच्या किमतीत प्लॅस्टिक घेतले जाऊ नये. एडिनबरोत तपासलेल्या चांदीवर तीन बुरुजांच्या किल्ल्याची मुद्रा असते.

शिंगाच्या मुठींचा भारताशीही संबंध आहे. भारतातील सांबराची शिंगे एके काळी ब्रिटनमध्ये सुऱ्यांच्या मुठींसाठी निर्यात होत. पुढे भारताने ही निर्यात बंद केली.

परिधान

उजवा हात प्रमुख असणारी व्यक्ती सुरी उजव्या मोज्यात आणि डावखुरी व्यक्ती डाव्या मोज्यात खोचते. म्यान मोजा सावरणाऱ्या पट्टीखाली अडकवतात, जेणेकरून चालताना किंवा नाचताना ते सरकत नाही. मूठ थोडीच बाहेर दिसावी, असा शिष्टाचार आहे.

कायदा

इंग्लंड व वेल्समध्ये १९८८ च्या आणि स्कॉटलंडमध्ये १९९५ च्या फौजदारी कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी न दुमडणारी पात्याची सुरी सबळ कारणाविना बाळगणे हा गुन्हा आहे. काम, धर्म व राष्ट्रीय वेश ही कारणे या कायद्यांत बचाव म्हणून नमूद आहेत. शीख धर्मीयांच्या कृपाणाला यांपैकी धार्मिक कारणाचा आधार मिळतो, तर स्कीअन डूला राष्ट्रीय वेशाचा. भारतातही संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग मानला आहे.

यातील महत्त्वाची बाब अशी की, हे संरक्षण सुरीला नसून वेशाला आहे. किल्टबरोबर मोज्यात असलेली सुरी कायदेशीर ठरू शकते. तीच सुरी दुसऱ्या दिवशी पँटच्या खिशात आढळल्यास राष्ट्रीय वेशाचा बचाव उरत नाही. बचावाचे कारण दाखवून देण्याची जबाबदारीही बाळगणाऱ्यावरच असते. विमानप्रवासात ती हातातील सामानात नेता येत नाही. शिवाय संस्था व सभागृहे आपल्या आवारात तिला मनाई करू शकतात. अशा ठिकाणांसाठी पाते नसलेल्या, केवळ मूठ व म्यान असणाऱ्या प्रतिकृती मिळतात. वारंवार प्रवास करणाऱ्यांना आणि अल्पवयीन मुलांच्या वेशासाठी त्या विशेष उपयुक्त आहेत.

निगा

गंजरोधक पोलादाच्या पात्याला फारशी निगा लागत नाही. कार्बनयुक्त पोलादाचे पाते मात्र वापरानंतर कोरडे पुसून त्यावर तेलाचा पातळ हात फिरवावा लागतो. चामडे ओलावा धरून ठेवते. म्हणून असे पाते दीर्घकाळ म्यानाबाहेर, कोरड्या जागी व मुलांच्या हाती लागणार नाही अशा रीतीने ठेवतात.