पावलांचा हिशेब

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पावले मोजणारी स्वस्त घड्याळे आता कामगारांच्या मनगटांवरही दिसतात. रोज दहा हजार पावलांचा त्यांचा दंडक मात्र वैद्यकशास्त्राने घालून दिलेला नव्हे. १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचा मापक’, या उपकरणाच्या नावावरून तो रूढ झाला. वास्तविक, त्याहून कमी चालण्यानेही प्रकृतीस लाभ होतो. शिवाय घड्याळ पाहते ती मनगटाची हालचाल. खड्ड्यांतून दुचाकीने पालघर गाठणाऱ्या कारकुनाच्या खाती धक्क्यांचीही पावले जमा होऊ शकतात. रात्रपाळीत यंत्रापुढे एका जागी उभा राहिलेला कामगार मात्र आळशी ठरतो. बैठ्या माणसास घड्याळाने जरूर उठवावे. पण पाळीवरून परतलेल्याने आकडा गाठण्यासाठी झोप मोडू नये.