भिडूने ‘एक किलवर’ म्हटलं, आता आपण काय बोलायचं?

 

ब्रिजचं नाव काढलं की गटाच्या बैठकीत पहिला प्रश्न हमखास येतो, “पत्ते? आमच्या घरात पत्त्यांनी काय केलं ते विचारा.” हा राग खोटा नाही. मजुरीचे पैसे फडावर घालवून आलेला माणूस आपल्यापैकी कितीजणींनी पाहिला आहे. म्हणून आम्ही शिकायला बसलो तेव्हा पहिलाच नियम केला, की एक रुपयाही लावायचा नाही. ब्रिजला त्याची गरजही नाही. 2018 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धांमध्ये हा खेळ पहिल्यांदा खेळला गेला आणि भारताने त्यात एक सुवर्ण आणि दोन कांस्यपदकं मिळवली. मिश्र संघाच्या कांस्यपदकात मुंबईच्या हेमा देवरा होत्या, वय 67. आपल्या खानदेशाच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यात रायबिडपुरा नावाचं गाव आहे. तिथे 1960 च्या दशकात आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी शेतकऱ्यांना ब्रिज शिकवला. शेतीची कामं आटोपली की त्या गावात अजूनही डाव मांडले जातात. तेव्हा हा काही फक्त क्लबातल्या साहेबलोकांचा खेळ नव्हे.

तुम्हाला मेंढीकोट येतो ना? मग अर्धा ब्रिज आलाच. चौघी बसायच्या, समोरासमोरच्या दोघी भिडू. प्रत्येकीला 13 पानं. हुकूम, उतारी, हात करणं, सगळं ओळखीचं. फरक एवढाच, की इथे हुकूम कोणता आणि हात किती करणार हे आधी बोली लावून ठरवायचं. ‘एक’ म्हणजे सहाच्या वर एक, सात हात. ‘चार’ म्हणजे दहा. बोलीची पायरी खालून वर अशी: किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि सगळ्यात वर बिनहुकूम. एकीने बोली लावली आणि पुढच्या तिघी पास म्हणाल्या की बोली संपली. शेवटची बोली पक्की झाली.

पानांची किंमत मोजायची रीत सोपी आहे. एक्क्याला 4, राजाला 3, राणीला 2, गुलामाला 1. सगळ्या गड्डीत मिळून 40 गुण. म्हणजे एकीच्या वाट्याला सरासरी 10 येतात.

आता आजचा मुद्दा. समजा तुमच्या भिडूला 16 किंवा जास्त गुण आले. एवढी पानं रोज येत नाहीत. ती ते भिडूला कसं सांगणार? डोळा मारून नाही, कानाची पाळी ओढून तर नाहीच. (मेंढीकोटात आम्ही काय काय करायचो ते आज सांगत नाही.) अमेरिकेत राहणाऱ्या सी. सी. वेई नावाच्या चिनी गृहस्थांनी 1960 च्या दशकात एक पद्धत बसवली. तिचं नाव प्रिसिजन. ही पद्धत घेऊन तैवानचा संघ 1969 साली जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि जाणकार चकित झाले. त्यांच्या पत्नी कॅथी वेई पुढे महिलांमध्ये विश्वविजेत्या झाल्या. या पद्धतीत 16 च्या वरची पानं असली की ‘एक किलवर’ म्हणायचं. हातात किलवर दोनच असले तरी चालतात. ही सगळ्यात खालची पायरी आहे, म्हणून वर बोलायला भरपूर जागा उरते.

मग आपण काय म्हणायचं? इथेच आमच्यातली एक काकू अडकली. भिडूची पानं अशी होती: इस्पिकचे एक्का, राजा, 9, 6, 3, बदामचे एक्का, राणी, 4, चौकटचे राजा, 8, 5, आणि किलवरचे फक्त 7 आणि 2. बरोबर 16 गुण. ती म्हणाली, “एक किलवर.” काकूकडे चौकटची राणी आणि बदामचा गुलाम, बाकी सगळी बारीक पानं. 3 गुण. काकू म्हणाली, “पास.” का गं? “माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतंच ना. उगीच कशाला तोंड उघडायचं?”

पुढचीनेही पास म्हटलं आणि बोली तिथेच थांबली. हुकूम किलवर! दोघींकडे मिळून पाच किलवर, समोरच्यांकडे आठ. सात हात करायचे होते, पण समोरच्या दोघी हुकूम ओढत गेल्या आणि आमची चांगली पानं त्यात वाहून गेली. त्या दिवसाची सगळ्यात भारी पानं हातात असून डाव गेला. कारण काय, तर जिच्याकडे काहीच नव्हतं ती गप्प बसली.

म्हणून ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. भिडूने एक किलवर म्हटलं आणि मधली पास म्हणाली, तर आपल्याला पास नाही. हात कोरा असला तरी बोलायचं. 0 ते 7 गुण असतील तर म्हणायचं ‘एक चौकट’. याचा चौकटच्या पानांशी संबंध नाही. अर्थ इतकाच, की “बाई, माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नकोस.” मग ती ‘एक इस्पिक’ म्हणेल, आणि 3 गुणवाल्या काकूने तेव्हा खुशाल पास म्हणावं. पाच इस्पिक हाती असलेली भिडू निदान आपल्या हुकुमावर तरी खेळेल.

8 हाच आकडा का? मोठं बक्षीस मिळतं ते तीन बिनहुकूम, चार बदाम किंवा चार इस्पिक, नाहीतर पाच किलवर किंवा पाच चौकट केल्यावर. त्याला दोघींचे मिळून 25 च्या आसपास गुण लागतात. 16 मध्ये 8 मिळवा, 24 झाले, म्हणजे दारात आलो. म्हणून 8 किंवा जास्त गुण आणि एखाद्या जातीची पाच पानं असली की ती जात बोलायची: एक बदाम, एक इस्पिक, दोन किलवर, दोन चौकट. पाच पानं कशाचीच नसतील, सगळं सारखं वाटलेलं असेल आणि गुण 8 ते 10 असतील, तर ‘एक बिनहुकूम’. असं चांगलं उत्तर दिलं की मोठ्या बक्षिसाची बोली येईपर्यंत दोघींपैकी कुणीही थांबायचं नाही.

समजा काकूकडे इस्पिकची राणी, बदामचे राजा-गुलाम धरून पाच आणि किलवरचा राजा असता. 9 गुण. ती म्हणाली असती ‘एक बदाम’. भिडूकडे तीन बदाम आहेत, म्हणजे आठ बदाम जमले, गुण 25. चार बदामपर्यंत जायला हरकत नाही.

समोरच्या काही स्वस्थ बसत नाहीत. भारी पानांची कुणकुण लागली की त्या मध्येच ‘एक इस्पिक’ वगैरे ठोकून आपली जागा खातात. तेव्हा मात्र हात कोरा असेल तर पास चालतो, कारण भिडूची पाळी पुन्हा येणारच. अनेक जोड्या 5 ते 7 गुणांना ‘डबल’ म्हणतात. तुमचं तुम्ही आधी ठरवून घ्या. मात्र जे ठरवाल ते लपवायचं नाही. समोरच्यांनी विचारलं, “तिच्या बोलीचा अर्थ काय?” तर खरं सांगावं लागतं. आमच्या मते ब्रिजमधली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

जाता जाता एक प्रश्न. भिडू म्हणाली, एक किलवर. मधली पास. तुमच्याकडे चौकटचे राजा, राणी, गुलाम, 10, 4. किलवरचे राजा, 9, 5. इस्पिकचे 8, 2 आणि बदामचे 7, 6, 3. तोंडात ‘एक चौकट’ येईल. थांबा. तसं म्हटलंत तर भिडू समजेल तुमच्याकडे काही नाही. गुण मोजा, 9 आहेत. म्हणा, दोन चौकट.