हेडलाइटचा बल्ब बदलण्याआधी

मोटारीच्या हेडलाइटमध्ये तीन भाग मिळून काम करतात: प्रकाश देणारा बल्ब, तो प्रकाश गोळा करून रस्त्यावर टाकणारा रिफ्लेक्टर किंवा प्रोजेक्टर, आणि बाहेरची काच. ‘जास्त उजेडाचा’ म्हणून बाजारात मिळतो तो यातला फक्त बल्ब. बाकीचे दोन भाग आहेत तेच राहतात. त्यामुळे बल्ब बदलल्यावर रस्ता उजळेल की समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतील, हे नव्या बल्बचे जुन्या रिफ्लेक्टरशी कितपत जमते यावर ठरते.

भारतातल्या असंख्य जीप, मोटारी आणि मोटारसायकलींना एच४ प्रकारचा हॅलोजन बल्ब असतो. त्याच्यावर ‘१२ व्होल्ट, ६०/५५ वॉट’ असे छापलेले असते. एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात: ६० वॉटचे अप्परसाठी, ५५ वॉटचे डिपरसाठी. नवा बल्ब हातात घेऊन नीट पाहिला, तर डिपरच्या फिलामेंटखाली धातूची एक छोटी वाटी दिसते. हेडलाइटची सगळी शिस्त या वाटीत आहे. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर प्रकाश पडतो आणि तिथून तो खाली, रस्त्याकडे वळतो. भिंतीवर डिपर टाकला की उजेड आणि अंधार यांच्यामध्ये जी स्पष्ट रेघ दिसते, ती या वाटीमुळे. वाटीची एक कड तिरकी कापलेली असल्याने ही रेघ डावीकडे थोडी वर चढते, म्हणजे साईडपट्टीवरून चालणारा माणूस लवकर दिसतो आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांत मात्र प्रकाश जात नाही.

आंतरराष्ट्रीय मानकानुसार एच४ बल्बने डिपरवर सुमारे १००० आणि अप्परवर सुमारे १६५० ल्युमेन प्रकाश द्यायचा असतो. १५ टक्के कमी-जास्त चालते. खोक्यावर ‘१३० टक्के अधिक’ असे लिहिलेले ६०/५५ वॉटचे चांगल्या कंपनीचे बल्बही याच मर्यादेत बसतात. तो आकडा एकूण प्रकाशाचा नसून रस्त्यावरच्या ठरावीक पट्ट्यातल्या कायदेशीर किमानाशी केलेल्या तुलनेचा असतो. या बल्बमध्ये फिलामेंट बारीक आणि अधिक अचूक बसवलेले असते, म्हणून दूरचे खरेच थोडे बरे दिसते. बदल्यात बल्ब लवकर जातो. हा सौदा प्रामाणिक म्हणावा लागेल. निळसर मुलामा दिलेल्या हॅलोजन बल्बबद्दल तसे म्हणता येत नाही. तो मुलामा प्रकाशाचा काही भाग गाळून टाकतो आणि उजेड फक्त पांढरा ‘दिसतो’.

दुसरा जुना मार्ग म्हणजे १००/९० वॉटचे बल्ब. ५५ वॉटचे फिलामेंट १२ व्होल्टवर सुमारे ४.६ अँपिअर करंट घेते, ९० वॉटचे साडेसात. कंपनीने दिलेल्या बारीक वायरी, स्विच आणि होल्डर एवढ्या भाराचे नसतात. होल्डर वितळणे, प्लास्टिकच्या रिफ्लेक्टरचा चकचकीत थर करपणे हे त्याचे नेहमीचे परिणाम. ऑटो इलेक्ट्रिशियन अशा वेळी रिले बसवतात: बॅटरीवरून फ्यूजमार्गे जाड वायर थेट बल्बपर्यंत जाते आणि जुना स्विच फक्त रिले चालू-बंद करतो.

खरे तर हे रिले किट मूळ ६०/५५ बल्बलाही लावण्यासारखे आहे. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या सुमारे ३.४ घातानुसार बदलतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि बल्बच्या कपलरवर १२.२ व्होल्ट मिळत असतील, तर जवळजवळ एक तृतीयांश उजेड वाटेतच गेला. गंजलेले अर्थिंग, सैल कपलर, जुनाट स्विच ही त्याची कारणे. मल्टिमीटर लावून दोन्हीकडचे व्होल्टेज मोजायला पाच मिनिटे पुरतात, आणि बल्ब विकत घेण्याआधी ती द्यायलाच हवीत. काचेचेही तसेच. हल्लीची ‘काच’ पॉलिकार्बोनेटची असते. उन्हातल्या अतिनील किरणांनी ती पिवळी आणि धुरकट होते. धुरकट काचेतून प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून तिच्यामागे जास्त तेजाचा बल्ब लावला की दिपवणेच अधिक वाढते. बारीक पॉलिश पेपरने काच घासून तिच्यावर अतिनील किरण रोखणारा थर दिला, तर बराच फरक पडतो.

एलईडी बल्बचा प्रश्न वेगळा आहे. हॅलोजनचे फिलामेंट ही जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची गुंडाळी असते आणि तिचा प्रकाश चहूबाजूंना जातो. रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा त्या जागेचा आणि त्या आकाराचा हिशोब करून घडवलेला असतो. एलईडी बल्बमध्ये एका पट्टीच्या दोन सपाट बाजूंवर चिप असतात. त्या फिलामेंटच्या जागेपासून मिलिमीटरभर जरी सरकल्या, तरी भिंतीवरची ती रेघ पुसट होते आणि प्रकाश वर निसटतो. शिवाय गाडीसमोरचा दहा-पंधरा मीटरचा पट्टा लख्ख उजळतो, चालकाला समाधान वाटते, पण जवळच्या उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना लांबचा अंधार अधिकच गडद भासतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर थांबायला साधारण ७० मीटर लागतात. गळीत हंगामात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली दिसायला हवी ती तेवढ्या अंतरावर.

हॅलोजन रिफ्लेक्टरमध्ये एचआयडी, म्हणजे झेनॉनचा बल्ब बसवणे हा तर सर्वांत घातक प्रकार. ३५ वॉटची झेनॉन नळी सुमारे ३२०० ल्युमेन देते, म्हणजे एच४च्या डिपरच्या तिप्पट. म्हणूनच कंपनीच्या झेनॉन हेडलाइटला युरोपातील नियमांनुसार आपोआप उंची जुळवणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवारा लागतो.

जर्मनीत काही एलईडी बल्बना २०२० पासून रस्त्यावर परवानगी मिळाली, तीही ठरावीक मॉडेलच्या ठरावीक हेडलाइटमध्ये तपासणी झाल्यावरच. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो की, दिव्यापासून ८ मीटरवर, त्याच्या अर्धा मीटर उजवीकडे आणि दीड मीटर उंचीवर डोळे असलेली व्यक्ती दिपता कामा नये.

बल्ब कुठलाही असो, बदलल्यावर सेटिंग तपासावेच लागते. हॅलोजनच्या काचेला बोट लागू द्यायचे नाही. तेलकट डाग पडला की तिथे काच जास्त तापते आणि बल्ब जातो. गाडी सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करावी, टायरमध्ये हवा बरोबर असावी, चालकाच्या जागी माणूस बसलेला असावा आणि डॅशबोर्डवरचे उंचीचे बटण शून्यावर असावे. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर चिकटपट्टीने दाखवावी. डिपरची रेघ तिच्याखाली साधारण ५ सेंटिमीटर, म्हणजे एक टक्का उतारावर यायला हवी. अनेक गाड्यांवर हेडलाइटजवळ हा टक्का छापलेलाच असतो. तसा असेल तर तोच पाळावा. दिवा अर्ध्या अंशाहून किंचित जास्त वर गेला तरी हा सगळा उतार संपतो. मागच्या सीटवर माणसे आणि डिकीत सामान भरले की गाडीचे नाक वर उचलले जाते. डॅशबोर्डवरचे १, २, ३ आकड्यांचे बटण त्यासाठीच आहे, आणि रात्री निघण्यापूर्वी ते फिरवायचे असते.