गटप्रमुखाला आधी ऐकता यायला हवं

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, वर्गात गटप्रमुख निवडताना आपण कोणाला निवडतो? बहुतेक वेळा जो धीटपणे, मोठ्याने बोलतो त्यालाच. मीही अनेक वर्षे हेच करत होते.

आमचा देवळा तालुका कांद्याचा. म्हणून चौथीच्या वर्गाला गटचर्चेसाठी विषय दिला, 'चाळीतला कांदा का सडतो?' एका गटप्रमुखाने छान सादरीकरण केले. पावसाचे पाणी लागते, ओला कांदा भरला जातो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर त्याच गटातली एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, चाळीला खालून हवा लागते. मी सांगितलं होतं, पण त्याने लिहिलंच नाही." मुद्दा अगदी बरोबर होता. चाळ जमिनीपासून उंच आणि बाजूंना फटी ठेवून बांधतात, ती हवा खेळती राहावी म्हणूनच. उत्तर गटात होते, पण प्रमुखाने ते ऐकले नाही. चूक त्याची कशी म्हणू? ऐकायचं कसं, हे मी कधी शिकवलंच नव्हतं.

मोठ्यांच्या सभेतही असेच होते. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला असाव्यात, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. पण सभेत आलेली आई बोलते का, आणि बोलली तर कोणी ऐकते का, हे कायदा पाहू शकत नाही. ते सभा चालवणाऱ्याच्या हातात असते.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने यावर वाट काढली आहे. तिथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नाही, तर सर्वसहमतीने होतात. त्यामुळे एकट्या पडलेल्या माणसाचेही ऐकून घ्यावेच लागते. वेळ जास्त जातो, पण निर्णय सगळ्यांचा होतो. याच गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले.

यावरून आता वर्गात चार नियम केले आहेत :

१. गटप्रमुखाने स्वतःचे मत सर्वांत शेवटी सांगायचे.
२. "तुला असं म्हणायचंय का?" असे विचारून खात्री करायची.
३. जो गप्प आहे त्याला नाव घेऊन विचारायचे, पण जबरदस्ती करायची नाही.
४. सादर करताना कोणता मुद्दा कोणाचा, ते सांगायचे.

गटप्रमुख दर आठवड्याला बदलतो. चर्चा थोडी लांबते, पण चालते.

पालकहो, आज रात्री जेवताना घरातल्या सर्वांत लहान मुलाला आधी बोलू द्या. मध्येच "तुला काय कळतं?" म्हणू नका. ऐकून घेतलेलं मूलच उद्या दुसऱ्याचं ऐकेल.