नवा लॅपटॉप घ्यावा की जुनाच चालवावा?



डिसेंबरात वर्षअखेरचा बोनस हाती येतो. जानेवारीत शाळेचे नवे वर्ष सुरू होते. त्याच सुमारास पोर्ट लुईपासून वाक्वापर्यंत दुकानांच्या काचांमागे नवे लॅपटॉप मांडलेले दिसतात आणि घरोघरी मुले विचारू लागतात, "आपला लॅपटॉप केव्हा बदलायचा?" प्रश्न लहान आहे. परंतु बोनस वर्षातून एकदाच मिळतो आणि त्यातूनच घराची डागडुजी, शिकवणीची फी व सणावारांचा खर्च भागवायचा असतो. म्हणून या विषयावर थोडा शांतपणे विचार करू.

प्रथम नवेपणाविषयी. ॲपल कंपनीच्या 'मॅकबुक एअर' या लॅपटॉपचे उदाहरण घ्या. त्यात एम-१ हा प्रोसेसर नोव्हेंबर २०२० मध्ये आला, एम-२ जुलै २०२२ मध्ये, एम-३ मार्च २०२४ मध्ये आणि एम-४ मार्च २०२५ मध्ये. म्हणजे साडेचार वर्षांच्या आत चार पिढ्या झाल्या. प्रत्येक नवी पिढी आधीच्या पिढीहून वेगवान होती, यात शंका नाही. पण मुलांचे निबंध, शिक्षकांचे गुणपत्रक, बँकेचे व्यवहार आणि परदेशी गेलेल्या लेकीशी बोलणे, या कामांना पहिल्या पिढीचा वेगही पुरून उरतो. आपल्याकडे म्हणतातच, नव्याचे नऊ दिवस!

आता दुकानदार 'एआय लॅपटॉप' दाखवतात. मायक्रोसॉफ्टने 'कोपायलट प्लस' नावाचे लॅपटॉप १८ जून २०२४ पासून बाजारात आणले. त्यांत किमान १६ जीबी मेमरी असते आणि सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा एक खास भाग असतो. त्यामुळे बुद्धिमत्तेची काही कामे इंटरनेटशिवाय यंत्रातच होतात. ज्याला ती कामे रोज करायची आहेत, त्याने अवश्य घ्यावा. पण प्रश्न विचारून उत्तर मिळवण्याची जी साधने आपली मुले वापरतात, ती बहुतेक इंटरनेटवरून चालतात. त्यांना जुना लॅपटॉपही चालतो.

मग बदलण्याचे खरे कारण कोणते? त्यासाठी एक तारीख ध्यानात ठेवावी. जुलै २०१५ मध्ये आलेल्या 'विंडोज १०' या प्रणालीला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच आधार दिला. ज्या घरांनी नाव नोंदवले, त्यांना सुरक्षेच्या सुधारणा आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, देऊ केल्या. त्या तारखेला यंत्र बंद पडत नाही. ते पूर्वीसारखेच उघडते, म्हणूनच घरच्यांना धोका दिसत नाही. पण प्रणालीत नव्याने सापडलेली चोरवाट मग कोणी बुजवत नाही. अशा यंत्रावरून बँकेचा व्यवहार करणे म्हणजे कडी मोडलेल्या दाराआड तिजोरी ठेवण्यासारखे आहे.

'विंडोज ११' घातले की हा प्रश्न सुटतो. मात्र ते प्रत्येक यंत्रावर चालत नाही. त्याला ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठा आणि 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षेची सोय लागते. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. ढोबळ मानाने सांगायचे तर २०१८ नंतरची बहुतेक यंत्रे चालतात, त्याआधीची बहुतेक चालत नाहीत. मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे फुकट साधन आपल्या यंत्राचा निकाल लगेच सांगते. दुकानात जाण्यापूर्वी ही परीक्षा घ्यावी.

आमच्या घरी दोन लॅपटॉप होते. माझा २०१९ सालचा आणि मुलाचा २०१५ सालचा. मुलगा ग्रेड १० मध्ये गेला, तेव्हा म्हणाला, "आई, दोन्ही बदलू या." मी त्याला एक वही दिली आणि सांगितले, "आठवडाभर कोणते काम कोणत्या लॅपटॉपवर अडते, ते रोज लिही." आठ दिवसांनी वहीत चार तक्रारी होत्या. माझा लॅपटॉप उघडायला पाच मिनिटे लागतात. त्याची बॅटरी अर्ध्या तासात संपते. व्हिडिओवर बोलताना दोन्हींवर चित्र अडकते. आणि मुलाच्या लॅपटॉपवर 'विंडोज ११' चालत नाही.

आम्ही एकेक तक्रार तपासली. माझ्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क होती. तिच्यात तबकडी फिरते आणि सुई हलते, म्हणून ती मंद असते. दुरुस्ती करणाऱ्याने तिच्या जागी एसएसडी घातली आणि मेमरी ४ जीबीची ८ जीबी केली. आता लॅपटॉप अर्ध्या मिनिटात उघडतो. बॅटरी ही झिजणारीच वस्तू आहे, ती नवी बसवली. या सर्वांचा खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या मानाने फार थोडा झाला. चित्र अडकत होते ते मागच्या खोलीत, आणि तिथे फोनवरही अडकत होते. म्हणजे दोष लॅपटॉपचा नव्हता. वाय-फायचे यंत्र घराच्या मध्यभागी ठेवले आणि तक्रार मिटली. चौथ्या तक्रारीला मात्र दुरुस्ती नव्हती. माझे पती म्हणाले, "तर मग एकच घेऊ." मुलालाही ते पटले, कारण वही त्यानेच लिहिली होती.

घ्यायचाच असेल तर पुढील गोष्टी पाहाव्यात. पुष्कळ नव्या लॅपटॉपमध्ये मेमरी कायमची जोडलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. म्हणून शक्य असल्यास सुरुवातीलाच १६ जीबी घ्यावी. 'कोपायलट प्लस'च्या पहिल्या लॅपटॉपमध्ये क्वालकॉमचे प्रोसेसर होते. अशा प्रोसेसरवर काही जुने प्रिंटर व कार्यक्रम चालत नाहीत, तेव्हा घरातल्या प्रिंटरचे नाव सांगून आधी विचारावे. फ्रान्स किंवा रेयुनियोंहून नातेवाईक लॅपटॉप आणणार असतील, तर कळफलकावरील अक्षरांचा क्रम फ्रेंच पद्धतीचा असू शकतो. शाळेत इंग्रजी पद्धतीवर शिकलेल्या मुलाची बोटे त्यावर अडखळतात. त्या लॅपटॉपची हमी आपल्या बेटावर चालते का, हेही लेखी विचारून घ्यावे. हप्त्याने घेणाऱ्यांनी सर्व हप्त्यांची बेरीज करून ती रोख किमतीशेजारी मांडून पाहावी.

आपल्या मराठी घरांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. पूर्वी आपली मंडळे आणि शिक्षक 'शिवाजी', 'कृतिदेव' अशा फॉन्टमध्ये मराठी टाइप करीत. त्या पद्धतीत यंत्राच्या दृष्टीने अक्षरे रोमनच असतात, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरी रूप देतो. तो फॉन्ट नव्या लॅपटॉपवर नसेल, तर गणेशोत्सवाची जुनी कार्यक्रमपत्रिका किंवा आजोबांनी उतरवून घेतलेली झाकरी गीते उघडल्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. युनिकोड पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो मजकूर कोणत्याही यंत्रावर नीट दिसतो. तेव्हा जुना लॅपटॉप काढून टाकण्यापूर्वी ही कागदपत्रे युनिकोडमध्ये बदलून घ्यावीत आणि मूळ फॉन्टही सांभाळून ठेवावा. गाण्यांचे ध्वनिमुद्रण व छायाचित्रे यांच्या दोन प्रती कराव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या घरी ठेवावी. चक्रीवादळे आपल्याला नवी नाहीत. लॅपटॉप दुकानात पुन्हा मिळतो, आजोबांचा आवाज मिळत नाही.

आमच्या मुलाचा जुना लॅपटॉप आम्ही टाकून दिला नाही. त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली घातली, तिला सुरक्षेच्या सुधारणा मिळत राहतात. आता माझ्या सासूबाई त्यावर भजने ऐकतात. पण जो लॅपटॉप खरोखर मेला आहे, तो घरच्या कचऱ्यात टाकू नये. बेटाचा सारा कचरा मार शिकोजच्या एकाच आवारात जातो आणि लिथियमची बॅटरी कचऱ्यात दबली तर पेट घेऊ शकते. जुनी यंत्रे घेणाऱ्या केंद्राकडेच ती द्यावीत. बॅटरी फुगली असेल तर लॅपटॉप त्याच दिवशी वापरायचा थांबवावा, तो कितीही नवा असो.

तेव्हा वाचकहो, दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरात आठ दिवस एक वही ठेवा. तिच्यात काय लिहायचे हे मुलांनाच ठरवू द्या, आणि हिशेबही त्यांच्यासमोर मांडा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्या पूर्वजांनी या बेटावर कष्टाने संसार उभे करताना रोज पाळले. तेच आपल्या मुलांना शिकवण्याची ही चांगली संधी आहे.