टायरवरचे शेवटचे अक्षर

शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास अथवा कारंजा लाड येथील प्राचीन जिनमंदिरांच्या वंदनेस निघणाऱ्या कुटुंबांचा प्रवास गेल्या काही वर्षांत पुष्कळ सुकर झाला आहे. वाशिम जिल्ह्यातील कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, तर ५ जून २०२५ रोजी नागपूर ते मुंबईनजीकचे आमणे असा ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग पूर्णत्वास गेला. या मार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे, घाटात ती १०० पर्यंत खाली येते. जुन्या रस्त्यांवर क्वचितच गाठला जाणारा हा वेग येथे तासन्‌तास टिकतो. त्यामुळे एरवी कोणाच्या ध्यानातही न येणारी एक गोष्ट महत्त्वाची ठरते. ती म्हणजे टायरच्या बाजूवर कोरलेले वेगमर्यादेचे अक्षर.

अक्षर काय सांगते?

एखाद्या मोटारीच्या टायरवर ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ अशा अर्थाची खूण रोमन लिपीत असते. पहिले आकडे रुंदी, उंचीचे प्रमाण व चाकाचा व्यास दर्शवतात. ‘८८’ हा भारांक होय. असा एक टायर ५६० किलो भार पेलू शकतो. अखेरचे ‘एच’ हे वेगाक्षर असून त्याची मर्यादा ताशी २१० किलोमीटर आहे. ‘एल’ म्हणजे १२०, ‘एन’ म्हणजे १४०, ‘क्यू’ म्हणजे १६०, ‘एस’ म्हणजे १८०, ‘टी’ म्हणजे १९०, ‘व्ही’ म्हणजे २४०. वर्णक्रम सोडून ‘एच’ हे अक्षर ‘यू’ आणि ‘व्ही’ यांच्या मध्ये बसते, ही या पद्धतीतील एक गंमत आहे.

हे अक्षर प्रयोगशाळेतील चाचणीने ठरते. फिरत्या पिंपावर टायर ठराविक भाराने दाबून टप्प्याटप्प्याने वेग वाढवला जातो. मात्र ही चाचणी नव्या, निर्दोष आणि योग्य हवा भरलेल्या टायरची असते. झिजलेल्या, फुगवटा आलेल्या किंवा अर्धवट हवेच्या टायरला ते अक्षर लागू पडत नाही. ‘एच’ पाहून निश्चिंत होणारा चालक नेमके हेच विसरतो.

उष्णतेचे गणित

वर सांगितलेल्या आकाराच्या टायरचा परीघ सुमारे १.९५ मीटर असतो. ताशी १२० किलोमीटर वेगाने तो सेकंदाला सुमारे १७ फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात त्याचा प्रत्येक भाग रस्त्याशी दबतो आणि पुन्हा सरळ होतो. या सततच्या वाकण्याने उष्णता निर्माण होते. रबर उष्णतेचा मंदवाहक असल्याने ती लवकर बाहेर पडत नाही. हवा कमी असेल तर टायर अधिक वाकतो, भार जास्त असेल तर त्याहूनही अधिक. वैशाखात विदर्भाचा पारा ४५ अंशांच्या घरात असतो. अशा वेळी तापलेल्या काँक्रीटवरून सात माणसे आणि त्यांचे सामान घेऊन धावणाऱ्या गाडीचे टायर आतून किती तापत असतील, याची कल्पना यावी.

कायद्याची भूमिका

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ टायरच्या स्थितीविषयी आहे. मोटारीच्या टायरवरील नक्षीच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरहून कमी असता कामा नये. दुचाकी व तीनचाकीसाठी ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे. आतील कापड अथवा दोरे उघडे पडलेला आणि फुगवटा आलेला टायर हा नियम अमान्य ठरवतो. नियम ९५ टायरचा आकार व त्याच्या भारक्षमतेचा विचार करतो. २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशान्वये टायर भारतीय मानकांनुसार व ‘आयएसआय’ चिन्हांकित असणे आवश्यक झाले.

गाडी बाजारात येण्यापूर्वी तिची जी मान्यता-चाचणी होते, तीत टायरचा आकार, भारांक आणि वेगाक्षर निर्मात्याने निश्चित केलेले असते. म्हणून टायर बदलताना ही दोन्ही मूल्ये मूळ टायरइतकी किंवा त्याहून अधिक असावीत. स्वस्त मिळाला म्हणून खालच्या अक्षराचा टायर बसवणे योग्य नव्हे. असुरक्षित स्थितीतील वाहन रस्त्यावर आणल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० अन्वये दंड होतो. त्यातून अपघात घडून इजा झाल्यास कारावासाचीही तरतूद आहे.

जर्मनीतील नियम या संदर्भात बोलका आहे. तेथे हिवाळी टायरचे वेगाक्षर गाडीच्या कमाल वेगाहून खालचे असले तरी चालते. मात्र त्या टायरची वेगमर्यादा चालकाच्या दृष्टीसमोर चिकटवून ठेवावी लागते.

‘दैवी आपत्ती’ नव्हे

टायर फुटला, त्याला कोण काय करणार, असे म्हणून अनेकदा विषय संपवला जातो. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हा युक्तिवाद नाकारला. ऑक्टोबर २०१० मध्ये भरधाव मोटारीचे मागील चाक फुटून झालेल्या अपघातात एका ३८ वर्षीय गृहस्थाचा मृत्यू झाला होता. न्यायाधिकरणाने कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. टायर फुटणे ही दैवी आपत्ती असल्याचे सांगून विमा कंपनी अपिलात गेली. अतिवेग, कमी किंवा जास्त हवा, जुने वापरलेले टायर आणि तापमान ही टायर फुटण्याची कारणे होत, त्यामुळे हा मानवी निष्काळजीपणा ठरतो, असे सांगून न्यायालयाने अपील फेटाळले.

याची दुसरी बाजूही जाणून घ्यावी. १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजानजीक समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. प्रथम टायर फुटल्याचे सांगण्यात आले, परंतु परिवहन विभागाच्या अहवालात तसा पुरावा आढळला नाही. टायर निर्दोष असला तरी चालकाची सावधानता आणि विश्रांती यांना पर्याय नाही.

निघण्यापूर्वी

प्रवासाच्या आदल्या दिवशी टायर थंड असताना हवा तपासावी. योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो आणि भरलेल्या गाडीसाठी तो बहुधा अधिक असतो. वाटेत तापलेल्या टायरमधील वाढलेली हवा काढू नये. नायट्रोजन भरला तरी दाब तपासावाच लागतो. बाजूवरील चार आकड्यांतून उत्पादनाचा आठवडा व वर्ष कळते. ‘२३२२’ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायरची तपासणी करून घ्यावी, असे अनेक उत्पादक सुचवतात. स्टेपनीही पाहावी. अनेक गाड्यांत ती अरुंद असून तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. ती लावल्यावर पुढील प्रवास त्याच मर्यादेत करून पहिल्या सोयीच्या ठिकाणी मूळ टायर दुरुस्त करून घ्यावा.

या तपासणीस पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. गाडीत वृद्ध आई-वडील आणि लहान मुले असतात. त्यांच्यासाठी प्रत्येक कुटुंबप्रमुखाने सामान बांधण्याआधी तेवढा वेळ काढावा.